दंड घ्या, पण आधी हिशेब द्या

मुक्काम कापूरहोळ, तालुका भोर, जिल्हा पुणे

प्रति,
प्रमुख, क्रेडिट कार्ड विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : लावलेला दंड आणि न दिलेला हिशेब

साहेब,


माझ्या कार्डाच्या बिलात तुम्ही 900 रुपये लेट फी लावली. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 162 रुपये, असे एकूण 1,062. शिवाय खरेदीच्या दिवसापासून मोजलेलं व्याज वेगळं. हे पैसे कोणत्या नियमाने घेतले, एवढाच माझा प्रश्न होता. तो तुमच्या कस्टमर केअरला विचारला, ईमेलने विचारला, शाखेत जाऊन विचारला. उत्तर कुठेच मिळालं नाही, म्हणून आता चारचौघांत विचारते आहे. तुमच्या बँकेचं नाव मी इथे घालत नाही. वाचणाऱ्याने आपल्या खिशातल्या कार्डावरचं नाव घालून वाचावं. बहुतेकांच्या बाबतीत ते चुकणार नाही.

घडलं ते असं. बिल 18,400 रुपयांचं होतं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मी मोबाइलवरून पूर्ण रक्कम भरली. माझ्या खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज त्याच वेळी आला. तुमच्याकडे ते सोमवारी जमा दिसले. मधल्या दोन दिवसांत ते पैसे माझ्याकडे नव्हते आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे तुमच्याकडेही नव्हते. त्या दोन दिवसांची किंमत मात्र माझ्याकडून वसूल झाली.

रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2022 रोजी कार्डांबाबतचे निर्देश काढले आणि ते त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून लागू झाले. त्यात सरळ लिहिलं आहे की, बिलाच्या मुदतीनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकबाकी राहिली तरच उशिराचा दंड लावता येतो. तुमच्याच नोंदीप्रमाणे माझे पैसे दोन दिवसांनी आले. म्हणजे हा दंड तुम्हाला लावताच येत नव्हता. हे वाक्य मी तुमच्या प्रतिनिधीला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, “मॅडम, सिस्टीमने लावलंय.” सिस्टीम कोणी तयार केली, तिच्यात तीन दिवस कोणी घातले नाहीत, आणि ती चुकली तर दुरुस्त कोण करणार, हे त्याला माहीत नव्हतं. ते माहीत असणारा माणूस फोनवर मिळेल अशी सोय तुम्ही ठेवलेली नाही.

मी वादातली रक्कम रोखून धरली आणि तसं लेखी कळवलं. पुढच्या बिलात त्या 1,062 रुपयांवर व्याज चढलं. न भरलेले आकार आणि कर मूळ थकबाकीत मिळवून त्यावर व्याज घेऊ नये, हेही त्याच निर्देशांत लिहिलेलं आहे. मग वसुलीचे फोन सुरू झाले, आणि त्यातला एक रात्री जेवणाच्या वेळी आला. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावलेलं आहे. एका दंडापायी तुम्ही तीन नियम मोडलेत, साहेब, आणि थकबाकीदार म्हणून नाव माझं लागलं.

तुमच्या ग्राहक सेवेबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण ती चालवणाऱ्याला ती कधी वापरावी लागत नसणार. आधी कार्डाचा नंबर दाबायचा, मग जन्मतारीख, मग भाषा निवडायची. मला फोनवर मिळालेल्या पर्यायांत मराठी नव्हती. पुणे जिल्ह्यातल्या पत्त्यावर पाठवलेल्या कार्डासाठी, मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या बँकेकडे मराठी नाही. त्यानंतर होल्डवर ठेवून तुम्ही मला नव्या कर्जाची जाहिरात ऐकवता. मी जुन्या पैशांचा हिशेब मागायला फोन केलेला असतो. माणूस लाइनवर आला की सगळी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागते, कारण आधीच्याने काय लिहून ठेवलं ते याला दिसत नाही किंवा तो बघत नाही. शेवटी नवा तक्रार क्रमांक मिळतो, आणि काही दिवसांनी मेसेज येतो : तुमच्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. काय निराकरण झालं, त्याबद्दल त्यात अक्षरही नसतं.

एकदा तुमच्या एका अधिकाऱ्याने सद्भावना म्हणून निम्मी रक्कम परत करण्याची तयारी दाखवली. मी नाही म्हणाले. दंड बरोबर असेल तर पूर्ण घ्या, चुकीचा असेल तर पूर्ण परत करा. निम्मा परत केल्याने चूक निम्मी होत नाही. तुमची सद्भावना मला नको आहे. मला हिशेब हवा आहे.

शाखेत गेले, तर उत्तर मिळालं, “कार्डाचं इथे काही होत नाही.” काउंटरच्या मागच्या भिंतीवर त्याच कार्डाचं पोस्टर होतं.

कापूरहोळ कुठे आहे हे तुमच्या लोकांना दरवेळी सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून ठेवते. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना महामार्गावर आमचं गाव लागतं. इथून एक रस्ता भोरला जातो, दुसरा केतकावळ्याच्या बालाजीवरून नारायणपूर आणि सासवडकडे. छत्रपती संभाजी महाराजांना दूध पाजून वाढवणाऱ्या धाराऊ गाडे याच गावच्या. राज्यभरातली माणसं या फाट्यावर चहाला थांबतात. कार्ड विकायचं होतं तेव्हा तुमच्या माणसालाही हे गाव सापडलं होतं. पेट्रोल पंपाजवळ टेबल टाकून त्याने एका दुपारीत कितीतरी अर्ज भरून घेतले, आणि तो अस्खलित मराठी बोलत होता. विकताना मराठी बोलता येते आणि तक्रार ऐकताना येत नाही, याला भाषेची अडचण म्हणत नाहीत. हा तुमचा निर्णय आहे.

हा प्रश्न माझ्या 1,062 रुपयांपुरता असता, तर मी एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. चौकात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. सातबारा काढायला, पीक विमा भरायला, पोरांच्या दाखल्यांचे अर्ज करायला लोक येतात. हल्ली ते कार्डाची स्टेटमेंट घेऊन येतात. “ताई, एवढं वाचून सांगा,” म्हणतात. शिरवळ आणि खेड शिवापूरच्या कंपन्यांत काम करणारी पोरं त्यांत जास्त. कोणाचा पगार सात तारखेला होतो, कोणाचा दहाला, आणि बिलाची मुदत असते पाच तारखेची. महिन्यामागून महिने ही पोरं लेट फी भरत राहतात आणि स्वतःला बेशिस्त समजतात. बिलाचं चक्र बदलून मागायचा हक्क ग्राहकाला आहे, रिझर्व्ह बँकेने तो दिलेला आहे. पण हे त्यांतल्या एकालाही तुमच्याकडून कळलेलं नव्हतं. तारीख बदलण्याच्या एका अर्जाने वर्षभराचे दंड टळले असते.

दुसरी गोष्ट मिनिमम ड्यूची. बिलावर तुम्ही दोन आकडे छापता, एक पूर्ण रकमेचा आणि दुसरा किमान भरण्याचा. पोरांना वाटतं, किमान भरलं की महिना निभावला. लेट फीपुरतं ते खरंही आहे. व्याजाचं काय होतं, ते मी दुकानात कागदावर मांडून दाखवते, तेच इथे मांडते. समजा 2 जूनला 20,000 रुपयांची खरेदी केली. 15 जूनला बिल निघालं, मुदत 5 जुलैची. मुदतीच्या दिवशी पाच टक्के, म्हणजे 1,000 रुपये भरले. पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत संपते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून धरलं जातं. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. वीस हजारांवर 33 दिवसांचे सुमारे 759 रुपये. उरलेल्या एकोणीस हजारांवर 15 जुलैच्या बिलापर्यंत दहा दिवसांचे सुमारे 219. एकूण 978, त्यावर जीएसटी 176. नव्या बिलात देणं येतं 20,154 रुपये. हजार रुपये वेळेवर भरले, नवी खरेदी एका पैची केली नाही, एकदाही उशीर झाला नाही, तरी कर्ज पहिल्यापेक्षा वाढलं.

हा हिशेब शाळेतल्या गणिताएवढा सोपा आहे. तुमच्या स्टेटमेंटवर तो कुठेच असा मांडलेला नसतो. ‘फायनान्स चार्जेस’ या दोन शब्दांपुढे एक आकडा असतो. किती रकमेवर, किती दिवसांचं, कोणत्या दराने, यातलं काहीही त्या ओळीत नसतं. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा बिलावर छापणं तुम्हाला बंधनकारक आहे, आणि तो तुम्ही छापताही. इंग्रजीत. कार्डाच्या अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत द्याव्यात, असं निर्देश सांगतात. त्यातल्या ‘शक्यतो’चा आधार घेऊन तुम्ही आमची भाषा वगळलीत.

आम्हाला मुदत पाळायला शिकवू नका, साहेब. या तालुक्यातला शेतकरी सोसायटीतून पीक कर्ज उचलतो आणि 31 मार्चच्या आत ते भरायला धडपडतो. तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर व्याज पडत नाही, हे त्याला तोंडपाठ आहे, कारण सोसायटीच्या सचिवाने ते त्याला त्याच्या भाषेत, समोर बसवून सांगितलेलं असतं. नियम समजला की माणूस पाळतो. न समजणाऱ्या नियमाने दंड वसूल करणं ही शिस्त नव्हे, ती कमाई आहे.

आमच्या जिल्ह्याने हे पूर्वी एकदा भोगलेलं आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वाड्यांवर चाल केली. बघता बघता ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पोचलं. जमावाला हवे होते ते मुख्यतः कागद : कर्जरोखे, खतं, वह्या. ते मिळाले की लोक त्यांची होळी करत. न वाचता अंगठा उठवलेल्या त्या कागदांवर किती मुद्दल आणि किती व्याज, हे शेतकऱ्याला कधीच कळू दिलेलं नव्हतं. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता.

त्या कायद्यात काय होतं, ते तुम्ही वाचावं असं मला मनापासून वाटतं. भरलेल्या पैशांची पावती मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. दरवर्षी हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला, पासबुकात नोंद करून घेण्याचा हक्क मिळाला. कोर्टाने नुसतं खत बघून निकाल द्यायचा नाही, देणंघेणं पहिल्यापासून तपासायचं, मुद्दल आणि व्याज वेगळं मांडायचं, आणि साचलेलं व्याज मुद्दलात घातलेलं असेल तर ते सहसा धरायचं नाही, असं ठरलं. व्याज मुद्दलाहून जास्त होऊ द्यायचं नाही, हा दामदुपटीचा नियमही मुंबई इलाख्यातली कोर्टं पाळत होती. तुमच्या 42 टक्क्यांनी सरळ व्याज धरलं तरी अडीच वर्षांच्या आत ते मुद्दलाएवढं होतं.

मी कोणाला कागद जाळायला सांगत नाही. तुमचे कागद जळण्यासारखे राहिलेलेही नाहीत. मी एवढंच म्हणते आहे की, 1879 मध्ये निरक्षर शेतकऱ्याला परक्या सरकारने दिलेला हिशेबाचा हक्क मला आज तुमच्याकडून मिळत नाही. कर्ज घेणाऱ्याने फेडायचं असतं, हे मला मान्य आहे. पण दंड लावण्याचा अधिकार हिशेब देण्याच्या जबाबदारीतून येतो. जो हिशेब देत नाही, त्याला दंड मागण्याचा हक्क नाही.

तुम्ही सर्वोच्च न्यायालयाचा दाखला द्याल, म्हणून त्याबद्दलही लिहिते. अहमदाबादच्या ‘आवाज’ संस्थेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 7 जुलै 2008 रोजी निकाल दिला होता की, कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. त्या काळी बँका 36 ते 49 टक्के घेत होत्या. बँका वर गेल्या आणि 20 डिसेंबर 2024 रोजी, सोळा वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. दर ठरवणं हा आयोगाचा प्रांत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल तुमच्या बाजूने लागला. पण तो कशावर उभा आहे ते बघा. कार्डधारकाला त्याचे हक्क, त्याची जबाबदारी आणि उशिराचे परिणाम यांची माहिती दिलेली असते, असं न्यायालयाने धरलं आहे. म्हणजे तुमच्या दराला मिळालेलं संरक्षण आमच्या जाणकारीवर टेकलेलं आहे. ती जाणकारी आमच्यापर्यंत पोचवण्याचं काम तुम्ही करत नसाल, तर त्या निकालाची ढाल पुढे करण्याचा नैतिक अधिकार तुम्हाला उरत नाही.

2024 च्या सुरुवातीला देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. कार्ड आता शहरातल्या पगारदारांपुरतं राहिलेलं नाही. ते कापूरहोळच्या फाट्यावर, शिरवळच्या कंपनीच्या गेटवर, भोरच्या बाजारात आलेलं आहे. विक्री इथपर्यंत आणलीत तर जबाबदारीही इथपर्यंत आणा. माझ्या मागण्या मोजक्या आहेत.

माझा दंड, त्यावरचा जीएसटी आणि त्यावर चढवलेलं व्याज पूर्ण परत करा, आणि कोणत्या नियमाने लावला होता ते लेखी कळवा. तीन दिवसांचा नियम तुमच्या सिस्टीममध्ये बसवा, आणि माझ्यासारखाच ज्यांना दंड लागला असेल त्यांचा, त्यांनी मागायची वाट न बघता परत करा. स्टेटमेंटवर व्याजाचा हिशेब रक्कम, दिवस आणि दर यांसह मांडा. महाराष्ट्रातल्या पत्त्यावर जाणारं स्टेटमेंट, अटींचा कागद आणि फोनवरची सेवा मराठीत द्या. तक्रार बंद करताना कारण लिहा आणि ते लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव घाला. शाखेत तक्रार घ्यायला एक माणूस नेमा. यातलं काहीही अवघड नाही. कार्ड विकताना यातली प्रत्येक गोष्ट तुम्ही करून दाखवली आहे.

हे पत्र वाचणाऱ्या माझ्यासारख्यांसाठीही थोडं लिहिते. बँकेने तीस दिवसांत तक्रार सोडवली नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी लागत नाही, वकील लागत नाही. 12 नोव्हेंबर 2021 पासून देशभरासाठी एकच लोकपाल योजना आहे. 14448 या क्रमांकावर माहिती मिळते. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथेही फी नाही. कार्ड बंद करायचं असेल तर सगळं देणं भरून लेखी अर्ज करा. बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद केलं पाहिजे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये तिने तुम्हाला द्यायचे आहेत. न मागितलेलं कार्ड तुमच्या संमतीशिवाय चालू करून त्याचं बिल पाठवलं, तर लावलेले पैसे रद्द करून त्याच्या दुप्पट भरपाई बँकेने द्यायची आहे. कार्डाबद्दलचे हे दोन्ही नियम 2022 च्या निर्देशांत दिलेले आहेत. प्रत्येक फोनची तारीख आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा, बोलणं झालं की तेच ईमेलनेही पाठवा. ज्यांना हे जमत नाही त्यांनी दुकानात यावं. अर्ज मी लिहून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

साहेब, या पत्राची प्रत तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आजच स्पीड पोस्टाने पाठवली आहे. तीस दिवस वाट बघेन. त्यानंतर लोकपालाकडे अर्ज जाईल, आणि तो एकट्या माझा नसेल. दुकानात ज्यांची स्टेटमेंट मी वाचली, त्यांतल्या ज्यांना हिशेब हवा आहे, त्या प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज त्याच टपालात असेल.

आपली,
कापूरहोळच्या चौकातली एक कार्डधारक